रील चालते, पण ऑर्डर येत नाही: शोध कुठून सुरू करायचा?

श्रावण जवळ आला की बडोद्यातल्या आम्हा हातकाम करणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर तोच प्रश्न पुन्हा येतो. तोरणाची, गौरीच्या साजाची किंवा रुखवताची रील टाकली, हजारोंनी पाहिली, बदाम आले, 'खूप सुंदर ताई' अशा कमेंटी आल्या. ऑर्डरी मात्र आल्या त्या ओळखीतल्याच. मग कोणी हॅशटॅग बदलतं, कोणी रात्रीऐवजी सकाळी टाकून बघतं, कोणी पाचशे रुपये बूस्टला (म्हणजे पैसे देऊन रील जास्त लोकांना दाखवायला) घालतं. पुढच्या रीलला थोडा फरक पडल्यासारखा वाटतो आणि त्याच्या पुढच्या रीलला परत पहिले पाढे पंचावन्न.

हा दोष फिरून फिरून येतो, कारण आपण दरवेळी रीलच दुरुस्त करत बसतो. माझ्या अनुभवात अडचण बहुतेक वेळा रीलच्या पुढे असते: निरोप वाचला गेला नाही, किंमत कळली नाही, कुरिअरचा आकडा ऐकून माणूस गप्प झालं, किंवा ज्यांनी पाहिलं त्यांना विकत घ्यायचंच नव्हतं. म्हणून मी सगळ्यांना उलट्या बाजूने यायला सांगते. पैसे खात्यात जमा झाले हे शेवटचं टोक धरायचं आणि तिथून एकेक पायरी मागे यायचं. हॅशटॅगची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि बहुतेकदा येतच नाही.

आधी इनबॉक्स उघडा, आणि पूर्ण उघडा

इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा मेसेज सरळ तुमच्या मुख्य इनबॉक्समध्ये येईलच असं नाही. तो 'रिक्वेस्ट्स'मध्ये जातो. ॲपला एखादा मेसेज नकोसा किंवा फसवा वाटला तर तो त्याच्याही खालच्या 'हिडन रिक्वेस्ट्स' या कप्प्यात पडतो आणि सहसा त्याची सूचनाही येत नाही. आता विचार करा, नवं गिऱ्हाईक म्हणजे अनोळखी माणूसच. म्हणजे ज्याची आपण वाट बघतोय तोच नेमका त्या कप्प्यात बसलेला असू शकतो.

दांडिया बाजारातल्या एक काकू क्रोशाची तोरणं करतात. हात इतका सफाईदार की टाका मोजून घ्यावा. ऑर्डर नाही म्हणून त्या विणकाम बंद करायच्या विचारात होत्या. आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर बसलो आणि तो खालचा कप्पा उघडला. 'नाशिकला पाठवाल का?' 'दार साडेतीन फुटांचं आहे, बसेल का?' 'बेन, केटलानुं छे?' (ताई, कितीचं आहे?) 'लेकीच्या लग्नात द्यायला पाच हवीत.' सगळे निरोप जुने, गणपती होऊन गेलेले. काकूंनी तरी प्रत्येकाला उत्तर दिलं, उशिराबद्दल दोन शब्द लिहिले, आणि त्यातल्या काहींनी दिवाळीसाठी तोरणं घेतली. मालात खोट नव्हती आणि रीलमध्येही नव्हती.

तेव्हा पहिलं काम हे: मेसेजच्या पानावर 'रिक्वेस्ट्स' शोधा, त्यातून 'हिडन रिक्वेस्ट्स'मध्ये जा. ॲपमधल्या जागा बदलत राहतात, पण नावं साधारण हीच असतात. सेटिंगमध्ये मेसेज कोणाचे कुठे यावेत हे ठरवता येतं. अनोळखी लोकांचे मेसेज अजिबात येऊ नयेत असा पर्याय कधीतरी मुलाने किंवा नातीने सुरक्षिततेसाठी लावून ठेवलेला असतो, तोही तपासा. 'हिडन वर्ड्स' नावाची एक चाळणी असते, ती कडक लावली असेल तर साध्या कमेंटीसुद्धा लपतात.

फेसबुकवर दुकानाचं पेज असेल तर त्याचे मेसेज तुमच्या घरगुती मेसेंजरमध्ये शोधू नका, ते पेजच्या इनबॉक्समध्ये पडतात. मेटा बिझनेस सूट हे फुकट ॲप घेतलंत तर फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडचे मेसेज एका ठिकाणी दिसतात. सकाळी एकदा आणि रात्री जेवणं आटोपल्यावर एकदा, एवढा वेळ ठरवून ठेवला तरी पुरतं. जुन्या रीलच्या कमेंटीही अधूनमधून चाळा. चाललेली रील महिनोन्‌महिने लोकांपुढे जात राहते आणि 'भाव?' असं खाली कोणीतरी विचारून ठेवलेलं असतं.

उत्तरात काय लिहायचं

इनबॉक्स भरलेला आहे, उत्तरंही जातात, तरी ऑर्डर नाही, अशी तक्रार असेल तर शेवटची दहा-बारा संभाषणं उघडा आणि ती कुठे थांबली ते बघा. बहुतेक वेळा असं दिसतं: 'किंमत?' याला उत्तर '८५०'. संपलं. समोरच्याने पुढे काय विचारायचं? त्याला माप माहीत नाही, कुरिअर माहीत नाही, किती दिवसांत मिळेल माहीत नाही. प्रत्येक गोष्ट त्यानेच विचारायची म्हटल्यावर तो दुसरीकडे वळतो.

मी काकूंना जो मजकूर लिहून दिला तो साधारण असा आहे:

'नमस्कार. हे तोरण ३६ इंच रुंद आहे, मधली झालर ७ इंच. सुती दोरा, घरी हाताने धुता येतं. किंमत ८५० रुपये. बडोद्यात घरपोच ६० रुपये, बाहेरगावचं कुरिअर पिनकोड कळवलात की लगेच सांगते. आज ठरवलंत तर आठ दिवसांत तयार होईल. तुमच्या दाराची रुंदी किती आहे?'

शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवलाय. 'कळवा' म्हटलं की माणूस विचार करत बसतो. दाराची रुंदी विचारली की तो उठून टेप घेऊन माप घेतो, आणि माप घेतलेला माणूस बहुधा परत येतो. तुमचं काम दागिन्यांचं असेल तर विचारा साडीचा रंग कोणता; गौरीचा साज असेल तर मुखवट्याची उंची किती. आपल्या वस्तूला लागू पडेल असा एक सोपा प्रश्न प्रत्येकीकडे असतोच.

हा मजकूर दरवेळी टंकत बसायची गरज नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'क्विक रिप्लाय' साठवता येतात, ५० पर्यंत. चॅटमध्ये तिरकी रेघ टाकली की यादी समोर येते. इन्स्टाग्रामचं प्रोफेशनल खातं असेल तर तिथेही साठवलेली उत्तरं ठेवता येतात, आणि ते खातं करायला पैसे लागत नाहीत. मराठीत एक आणि गुजरातीत एक असे दोन मजकूर ठेवा. बडोद्यात निम्म्याहून जास्त चौकशी गुजरातीतच होते आणि गुजरातीत विचारणाऱ्याला गुजरातीत उत्तर गेलं की बोलणं लगेच मोकळं होतं.

किंमत लपवू नका

'किंमत इनबॉक्समध्ये' हे मला अगदी मनापासून पटत नाही. लपवण्यामागची कारणं मला ठाऊक आहेत. त्याच गल्लीतली दुसरी बघेल आणि पन्नास कमी लावेल. नात्यातलं कोणी म्हणेल, एवढ्याशाला एवढे? पण दुसरीला तुमची किंमत हवी असेल तर ती खोट्या नावाने मेसेज करून विचारतेच. अडतो तो खरा घेणारा. पुष्कळांना भाव विचारायचाच संकोच वाटतो. विचारला आणि परवडला नाही तर नाही कसं म्हणायचं, म्हणून ते विचारतच नाहीत. विशेषतः लग्नघरातले पुरुष. त्यांना यादी हवी असते आणि आकडा हवा असतो.

किंमत कॅप्शनच्या अगदी पहिल्या ओळीत लिहा, कारण 'आणखी' दाबल्याशिवाय तेवढंच दिसतं. वेगवेगळी मापं असतील तर '६०० पासून १,२०० पर्यंत, मापाप्रमाणे' एवढं पुरे.

आणि ती किंमत नीट काढलेली असू द्या. समजा दोरा, मणी, लटकन मिळून १८० रुपये. सहा तासांचं काम, तासाला ७० धरले तर ४२०. डबा, कागद, चिकटपट्टी ४०. हे झाले ६४०. वर फसलेला नग, फोटोत गेलेला वेळ, इथल्या मंगळबाजाराच्या फेऱ्या आणि थोडा नफा धरून ८५० होतात. हा हिशेब कागदावर असला की 'मंगळबाजारात दीडशेला मिळतं' असं कोणी म्हटल्यावर आपला आवाज खाली जात नाही. वाद घालायचा नाही. दीडशेचं तोरण बहुधा यंत्रावरचं पॉलिस्टरचं असतं. तुमचं तोरण उलटं करून मागची बाजू दहा सेकंद कॅमेऱ्याला दाखवा. हाताच्या कामाची पाठ पाहिली की ज्याला फरक कळायचा त्याला कळतो. ज्याला दीडशेचंच हवं आहे त्याला ते घेऊ द्यावं.

कुरिअरचा आकडा ऐकून माणूस गप्प होतं

हे रुखवत, मखर, सजवलेली ताटं करणाऱ्यांकडे फार होतं. हलक्या पण मोठ्या वस्तूचं कुरिअर वजनावर जात नाही, डब्याच्या आकारावर जातं. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करतात आणि ५,००० ने भागतात. ४० बाय ३० बाय २० चा डबा असेल तर २४,००० भागिले ५,००० म्हणजे ४.८ किलो. आत सातशे ग्रॅमचं तोरण असलं तरी पैसे पाच किलोचे. तेच तोरण घट्ट गुंडाळून ३० बाय १२ बाय १२ च्या डब्यात बसवलं तर एक किलोच्या आत येतं.

म्हणून वस्तू करतानाच ती कशी घडी होईल, सुटी होईल, याचा विचार करा. सप्तपदीच्या सुपाऱ्यांचं ताट अखंड पाठवण्यापेक्षा सजावट वेगळी आणि ताट तिकडचंच, असं करणाऱ्या एकीचं काम पुण्या-ठाण्याला व्यवस्थित जातं. सोबत कुठे काय लावायचं याचा छोटा व्हिडिओ ती पाठवते. जमलं तर कुरिअर धरूनच एक किंमत लावा. ८५० अधिक १५० म्हटलं की लोक १५० कडे बघतात. हजार घरपोच म्हटलं की तोरणाकडे बघतात.

बघणारे कोण आहेत

आता रीलकडे येऊ. इथे मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती इथे.

आपल्याला आवडतं ते हात चालताना दाखवायला. सुई आत जाते, दोरा ओढला जातो, फूल उमलत जातं. असे व्हिडिओ खरोखर चालतात, आणि भरपूर चालतात. पण ते बघतं कोण? ज्यांना स्वतःला विणायचं आहे ते. नागपूरची, बेळगावची, सुरतची तुमच्यासारखीच हौशी बाई ते बघते, साठवून ठेवते, 'ताई सुई कितीची?' असं विचारते. ती तोरण विकत घेणार नाही, घरी करून बघणार आहे. आणि ॲप काय शिकतं? की तुमचे व्हिडिओ विणणाऱ्या लोकांना आवडतात. मग पुढची रील तुम्ही विक्रीची टाकली तरी ती त्याच लोकांपुढे जाते. प्रत्येक वेळी 'चालली पण ऑर्डर नाही' असं का होतं, त्याचं मला सापडलेलं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

तपासायला सोपं आहे. रीलचे 'इनसाइट्स', म्हणजे ती कोणी कशी पाहिली याचे आकडे, उघडा. सेव्ह खूप, पण प्रोफाइलवर येणारे कमी, कमेंटीत पॅटर्नची मागणी: हे शिकणारे. सेव्ह कमी असतील, पण शेअर बऱ्यापैकी आणि प्रोफाइलला भेटी दिसत असतील तर एकजण दुसऱ्याला दाखवतोय, 'हे घेऊ या का' म्हणून विचारतोय. हजार व्ह्यू असलेली ही दुसरी रील मला पन्नास हजारवालीपेक्षा जास्त मोलाची वाटते. शहरांची यादीही बघा. तुम्ही फक्त बडोद्यात घरपोच देत असाल आणि यादीत बडोदा वरच्या पाचांत नसेल तर आकड्यांनी हुरळून जायचं कारण नाही.

शिकणाऱ्यांचा लोंढा आलाच असेल तर त्यांना त्यांच्या कामाचं काहीतरी विका: दोरा, सुई आणि छापील नमुना असलेला संच, किंवा शनिवारचा ऑनलाइन वर्ग. तोही धंदाच आहे आणि चांगला आहे. मात्र तोरण विकायचं असेल तर तोरण दारावर दाखवावं लागतं.

दारावर म्हणजे खरोखर दारावर. टेबलावर पसरलेलं तोरण तीन फुटांचं आहे की एक फुटाचं हे फोनवर कळत नाही. कोणीतरी स्टुलावर चढून ते खिळ्यांना अडकवतंय, मग दार उघडतंय, आतून कोणी बाहेर येतंय आणि झालर त्याच्या डोक्याला लागत नाही, हे सगळं दहा-बारा सेकंदांत दिसलं पाहिजे. पुरं झालेलं काम पहिल्या दोन सेकंदांतच दाखवा, करण्याची दृश्यं नंतर. प्रकाश सकाळचा घ्या. पिवळ्या बल्बखाली कुंकवाचा लाल रंग केशरी दिसतो आणि मग 'फोटोतला रंग वेगळा होता' म्हणून तोरण परत येतं. फोनच्या पडद्यावर तोरणावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे पक्का होतो, मग मागच्या उघड्या दारातून येणाऱ्या उजेडाने तोरण काळं पडत नाही. माप, किंमत आणि 'ऑर्डर अमुक तारखेपर्यंत' हे तीन शब्दसमूह व्हिडिओवरच लिहा, पण पडद्याच्या मधल्या भागात. खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात, तिथलं लिखाण झाकलं जातं.

आवाजाची अडचण काहीजणींना येते: रील मूक झाली, किंवा गाणं सापडतच नाही. बिझनेस प्रकारच्या खात्याला इन्स्टाग्रामवरची सगळी लोकप्रिय गाणी मिळत नाहीत, कारण धंद्यासाठी गाणं वापरण्याचे हक्क वेगळे असतात. त्यावर पळवाटा शोधण्यापेक्षा स्वतःच्या आवाजात बोला. 'हे छत्तीस इंची, हे बेचाळीस इंची, धुतल्यावर असं दिसतं.' मराठीत बोला आणि वर गुजरातीत लिहा. दोघांनाही आपलंसं वाटतं.

प्रोफाइलवर आलेला माणूस गोंधळू नये एवढी व्यवस्था एकदाच करायची आहे. नावाच्या रकान्यात फक्त ब्रँडचं नाव नको; 'क्रोशाची तोरणं, बडोदा' असं काही असू द्या, कारण शोधात ते नाव बघितलं जातं. हा रकाना चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतो, म्हणून विचार करून लिहा. परिचयाला १५० अक्षरं मिळतात. व्हॉट्सॲप बिझनेसची शॉर्ट लिंक तिथे द्या. कॅप्शनमध्ये दिलेली लिंक दाबून उघडत नाही. वरच्या तीन पिन केलेल्या पोस्ट म्हणजे किमतींची यादी, ऑर्डर कशी द्यायची, आणि लोकांच्या घरी लागलेल्या तोरणांचे त्यांच्या परवानगीने घेतलेले फोटो.

उशीर

पुष्कळ रील चांगल्या असतात, फक्त उशिरा येतात. आपलं कॅलेंडर तिथीवर चालतं आणि आपली आठवण तारखेवर. २०२५ मध्ये गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे, नवरात्र ११ ऑक्टोबरला बसतं आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षी अमुक तारखेला रील चालली म्हणून यंदाही त्याच तारखेला टाकायची, हे जमत नाही.

मागून मोजा. गणपतीच्या चार दिवस आधी वस्तू घरात हवी. कुरिअरला पाच-सहा दिवस. करायला आठ दिवस, आणि ऑर्डरी एकदम आल्या तर त्याहून जास्त. म्हणजे चतुर्थीच्या साधारण तीन आठवडे आधी ऑर्डर बंद करायची तारीख येते. पहिली रील त्याच्याही महिनाभर आधी जायला हवी, म्हणजे आषाढातच. आषाढात कोण तोरण बघणार असं वाटतं, पण परदेशी असलेल्या मुलीला गौरीचा साज पाठवणारी आई तेव्हाच शोधायला लागते. बडोद्यात आणखी एक गोष्ट: पितृपक्षात नवी खरेदी मंदावते आणि नवरात्राच्या नऊ रात्री सगळं शहर गरब्यात असतं. पितृपक्षाचे पंधरा दिवस दिवाळीच्या वस्तूंचे फोटो काढायला आणि मजकूर लिहून ठेवायला वापरा. चनियाचोळीवरचे दागिने, लटकन करणाऱ्यांनी मात्र आपला माल गणपतीतच दाखवायला सुरुवात करावी.

बूस्टबद्दल थोडक्यात. वरचं सगळं झाल्याशिवाय पैसे घालू नका. घालायचेच तर जी रील आपोआप चौकशी आणते आहे तिलाच घाला, उद्देशात 'मेसेज' निवडा, आणि शहरं स्वतः निवडा, संपूर्ण भारत नको. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा.

जुनं गिऱ्हाईक

नव्याच्या मागे लागताना एकदा घेतलेला माणूस विसरला जातो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ जणांची असते, आणि त्यातला मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे. 'मी सगळ्यांना पाठवलं, कोणी उत्तरच दिलं नाही' यामागे पुष्कळदा हेच असतं. पार्सलमध्ये हाताने लिहिलेली चिठ्ठी घाला: धुण्याची पद्धत आणि 'नंबर साठवून ठेवा, पुढच्या सणाआधी नवे नमुने पाठवीन.' मग सणाच्या महिनाभर आधी एकच मेसेज पाठवा, नमुने आणि किंमत असलेला. रोजच्या सुप्रभाताच्या फुलांनी लोक नंबर ब्लॉक करतात.

पैसे घेताना सावध राहा

ऑर्डरी वाढल्या की हेही वाढतं, म्हणून कळकळीने सांगते. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय पार्सल देऊ नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, समोरचा क्यूआर पाठवून 'स्कॅन करा, पैसे येतील' म्हणाला की बोलणं तिथेच थांबवा. 'तुमच्या खात्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत बंद होईल' असे मेसेज लिंकसकट येतात, ती लिंक उघडू नका. खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावा. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

सगळ्या कामांना हे लागू नाही

बडोद्याहून डभोईमार्गे संखेड्याला गेलात तर लाखेच्या कामाचं सागवानी फर्निचर दिसेल, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तिथला झोपाळा कोणी रील बघून पैसे भरून मागवेल अशी अपेक्षा धरणं चूक आहे. एवढ्या किमतीची वस्तू माणूस हात लावून, बसून बघून घेतो. अशा कामात रीलची फलश्रुती म्हणजे फोन आणि दुकानाला भेट. तेव्हा मोजायचं ते हे: दुकानात आलेल्याला विचारा, कुठे पाहिलंत? आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. व्हिडिओत नकाशावरची जागा, दुकान उघडं असण्याची वेळ आणि गाडीने घरी कसं पोचवता हे सांगितलंत तर त्याचा जास्त उपयोग होतो. लहान वस्तू करणाऱ्यांनीही ही वही ठेवावी. प्रत्येक ऑर्डरीसमोर एक शब्द: रील, ओळख, जुनं, प्रदर्शन.

हे सगळं तपासून झालं आणि तरीही शुकशुकाट असेल तर सेटिंगमधलं 'अकाउंट स्टेटस' बघा. एखादी पोस्ट नियमात बसली नाही म्हणून तुमच्या रील अनोळखी लोकांना सुचवणं बंद झालेलं असेल तर तिथे लिहिलेलं असतं आणि दाद मागायचं बटणही तिथेच असतं.

तिथेही सगळं हिरवं असेल तर मग प्रश्न वस्तूचा असू शकतो, आणि ते फोनवर कळणार नाही. दहा नग घेऊन सोसायटीच्या गणपतीत किंवा एखाद्या छोट्या प्रदर्शनात एक संध्याकाळ टेबल लावा. लोक काय उचलतात, उलटं करून काय बघतात आणि खाली ठेवताना काय म्हणतात ते ऐका. 'रंग उठून दिसत नाही', 'आमचं दार मोठं आहे', 'हे धुवायचं कसं?' जे वाक्य दोन-तीनदा कानावर येईल, पुढची वस्तू आणि पुढची रील त्यावर करा.